कीर्तनात कोणी बाद होत नाही



२०२५ साली सोनी मराठी वाहिनीवर ‘कोण होणार महाराष्ट्राचा लाडका कीर्तनकार’ या नावाची स्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या मंदिरांच्या ओट्यांवर चर्चेला विषय मिळाला. कोणी म्हणाले, बरे झाले, मालिकांतल्या भांडणांच्या वेळेला घरात टाळ-पखवाज तरी ऐकू येईल. कोणी म्हणाले, आपल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांची दखल कोणीतरी घेतली. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. तरीही माझे मत विरोधाचे आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता लिहिणार आहे. आयुष्यभर नारदांच्या गादीवर उभे राहून भाकरी खाल्ली, आता गुडघे उभे राहू देत नाहीत. निदान लेखणीने तरी बोलावे.

त्या स्पर्धेत उतरलेल्या कोणाही महाराजांवर माझा राग नाही. त्यांच्यात अभ्यासू असतील, गोड गळ्याचे असतील, परिस्थितीने गांजलेलेही असतील. माझे भांडण आहे ते स्पर्धेच्या नावाशी. ‘कोण होणार’ म्हटले की एक जण होणार आणि बाकीचे होणार नाहीत, हे आधीच ठरले. आणि ‘लाडका’? आपल्या संप्रदायात लाडका कोणाला म्हणतात हे कीर्तनकाराला सांगायला नको. पांडुरंगाचे लाडके म्हणजे नामदेवराय. त्या लाडकेपणाचे पुढे काय झाले, तेही आपल्याला ठाऊक आहे. त्या कथेकडे येतोच. आधी हा साचा कुठून आला ते पाहू.

१९९५ साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले. त्या काळी मोठमोठे संगीतकार आणि शास्त्रीय गवई परीक्षक म्हणून बसत. चूक झाली तर ती सुराची किंवा तालाची म्हणून दाखवीत. शिकणाऱ्याने घरी बसून ऐकावे असे त्यात पुष्कळ असे. पुढे २००१ मध्ये इंग्लंडात ‘पॉप आयडॉल’ नावाचा खेळ निघाला आणि त्याचा साचा देशोदेशी विकला गेला. २००४ मध्ये तो ‘इंडियन आयडॉल’ होऊन आपल्याकडे आला. विकत घेतलेल्या साच्यात काय काय येते? हजारो उमेदवारांची रांग. त्यांतल्या काहींना दाखवायचे ते केवळ लोकांनी हसावे म्हणून. निवडलेल्यांच्या घरची गरिबी, आईचे डोळे, बापाचे कर्ज. मग तीन परीक्षक, त्यांतला एक मुद्दाम कडू बोलणारा. मग जनतेची मते. ती फोनवरून पाठवायची, त्या संदेशाला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडायचे आणि त्या पैशांत वाहिनी व फोन कंपनी दोघींचा वाटा असायचा. आणि दर आठवड्याला एक जण बाद. नाव जाहीर करायच्या आधी लांबण लावायचे, दिवे मंद करायचे, जाहिराती दाखवायच्या, आणि मग सांगायचे. या सगळ्याचे पोट भरते ते बाद होणाऱ्याच्या रडण्यावर. गाणे हे निमित्त.

मतांचे म्हणाल तर २००७ सालचे उदाहरण घ्या. ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल हे शेवटी उरले. डोंगरातल्या लोकांनी वर्गण्या गोळा केल्या, केंद्रे उघडली, रात्रंदिवस संदेश पाठवले. कोट्यवधी मते पडली. प्रशांत जिंकला. हा कोलकाता पोलिसांतला साधा शिपाई. त्याच्या लोकांना आनंद झाला यात नवल नाही. पण थोड्याच दिवसांत रेडिओवरच्या एका निवेदकाने त्याची थट्टा केली आणि सिलीगुडीत दंगल उसळून संचारबंदी लावावी लागली. गाण्याच्या स्पर्धेतून! मते पडली ती सुराला पडली की जातीला, भाषेला, डोंगराला, हे त्या वेळी कोणी विचारले नाही. उद्या कीर्तनकारांना मते मागायची वेळ आली तर आमच्या जिल्ह्याचे महाराज, तुमच्या जातीचे महाराज, असे होणार नाही याची हमी कोण देईल? ज्या वाळवंटात जातीचा अभिमान पायदळी गेला म्हणून आपण सांगतो, त्या वाळवंटाच्या नावाने हे व्हायचे.

आता कोणी म्हणेल, बुवा, आळंदीची कार्तिकी विसरलात काय? मुळीच नाही. झी मराठीच्या ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाडने फेब्रुवारी २००९ मध्ये पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा इंद्रायणीकाठच्या माणसाला आनंद झाला नाही असे कोण म्हणेल? त्या मुलीच्या गळ्यातून अभंग-गवळणी शहरातल्या घराघरांत गेल्या, हे खरेच आहे. पण ते गाणे वाहिनीने दिलेले नव्हते. तिचे वडील कल्याणजी गायकवाड हे स्वतः गायक आणि संगीतकार. गाणे तिच्या घरात होते. वाहिनीने तयार पीक दाखवले. पेरणी-खुरपणी करणारे हात पडद्यावर आले तरी पाहुणे म्हणून, घटकाभर. पाहणाऱ्या आईबापांनी मात्र असा अर्थ काढला की मूल तिथे नेले की गायक होते. वर्षभर कोणी रियाजाची चौकशी केली नाही. सगळ्यांनी चौकशी केली ती निवड-चाचणीच्या तारखेची.

दुसरे उदाहरण अरिजित सिंगचे देतात. २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’ नावाच्या स्पर्धेत तो अंतिम फेरीच्या आधीच बाद झाला आणि आज देशभर त्याचाच आवाज आहे. जिंकणाऱ्यांची नावे किती जणांना आठवतात? हे उदाहरण परीक्षकांच्या आणि मतदारांच्या पारखीविषयी पुरेसे बोलते. पण मला ते पूर्ण पटत नाही. कारण त्यातही हिशेब तोच, बाद झाला तरी शेवटी प्रसिद्ध झाला म्हणून तो खरा. जो बाद झाला आणि प्रसिद्धही झाला नाही, आपल्या गावी परतून मुलांना सूर लावायला शिकवत राहिला, तो कोणत्या खात्यात मांडायचा? त्या खात्याची वही या लोकांकडे नाहीच.

ती वही आपल्याकडे आहे. तेरढोकीच्या गोरोबाकाकांच्या अंगणात संत जमले होते. मुक्ताबाईने विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, थापटणे. याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मुक्ताई म्हणाली, मग आमचीही मडकी पाहा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. सगळे शांत बसले. नामदेवरायांना मात्र राग आला. देव ज्याच्या हातचे जेवतो, ज्याच्याशी बोलतो, त्याच्या डोक्यावर थापटणे? काका म्हणाले, एवढे मडके कच्चे.

परीक्षकच म्हणायचे तर गोरोबाकाका आपल्यातले पहिले परीक्षक. पण त्यांनी काय तपासले पाहा. नामदेवांचा आवाज तपासला नाही, अभंग तपासले नाहीत, श्रोते किती जमतात हे मोजले नाही. त्या सगळ्यांत नामदेवराय सहज पहिले आले असते. काकांनी एवढेच पाहिले की डोक्याला थाप बसल्यावर आत काय वाजते. आणि जे वाजले ते लाडकेपण होते. आजच्या मंचावर त्याच वस्तूला टाळ्या पडतात. तिला आत्मविश्वास म्हणतात.

आणि कच्चे ठरल्यावर नामदेवांना कोणी ‘तुमचा प्रवास इथेच थांबतो’ असे सांगून निरोप दिला नाही. ते रुसून पांडुरंगाकडे गेले. देवाने लाडक्याची बाजू घेतली नाही. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवले. तिथे शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेला म्हातारा भेटला आणि नामदेवांचा उरलेला गर्व गेला. मग तेच नामदेव पंजाबपर्यंत गेले, त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आजही वाचली जातात. ‘कच्चे’ हा शिक्षणाचा आरंभ होता. आणि आपण ज्यांना आद्य कीर्तनकार म्हणतो ते आज पंढरपुरात कुठे आहेत? महाद्वाराच्या पायरीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून ती जागा त्यांनी मागून घेतली.

यावर एक चतुर आक्षेप येतो आणि तो मला आवडतो. संतांना प्रसिद्धी नको होती, तर प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपले नाव का घातले? अहो, ते नाव कसे घातले ते तरी पाहा. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. म्हणजे सही करताना आधी दुसऱ्याचे नाव. नामदेवांच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत पुढच्या काळातल्या कितीतरी अनाम भक्तांचे अभंग मिसळले आहेत, हे संशोधक सांगतात. त्या माणसांनी रचना आपली केली आणि नाव नाम्याचे घातले. आजच्या काळात माणसे दुसऱ्याच्या चालीवर आपले नाव घालतात आणि कोर्टात जातात.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माऊलींनी अमानित्वाचे वर्णन केले आहे. ज्यांची नित्य पारायणे होतात त्यांनी ते पान पुन्हा उघडावे. ज्ञानी माणसाचा मान होऊ लागला की त्याची अवस्था कशी होते? पारध्यांनी घेरलेल्या हरिणासारखी, पोहताना भोवऱ्यात सापडलेल्या माणसासारखी. सर्व काही कळत असून तो वेड पांघरून बसतो, कारण त्याला महिमेचे भय वाटते. आणि पुढे अदंभित्वात शेतकऱ्याचा दृष्टांत आहे: पेरलेले बी तो मातीने झाकतो. ज्याने कधी शेत पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. उघडे राहिलेले बी पाखरे खातात. नवव्या-दहाव्या वर्षी चार प्रमाणे पाठ झालेल्या मुलाला प्रखर दिव्यांखाली उभे करणे म्हणजे बी उघडे टाकणे आहे.

मुलांचा विषय निघाला म्हणून बोलतो. जून २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्याला सगळ्या वाहिन्यांना लेखी सूचना द्यावी लागली, की नाचाच्या स्पर्धांत लहान मुलांना त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या रीतीने दाखवू नका. सरकारला सांगावे लागले. आईबापांना कळले नाही. आपल्याकडे नाच नाही, पण बालकीर्तनकारांचे पेव फुटले आहे. सहा वर्षांचे लेकरू फेटा बांधून सासू-सुनेचे विनोद सांगते आणि मंडप हसतो. ते विनोद त्याला कळत नाहीत, हसणे मात्र कळते. ते हसण्याच्या मागे जाऊ लागते. गाथा मागे राहते.

आमच्या भागातल्या एका गावात अकरा वर्षांची मुलगी होती. कार्तिकात पहाटेच्या काकड्याला आजोबांबरोबर यायची आणि थंडीने ओठ थरथरत असतानाही चाल बिनचूक उचलायची. कोणीतरी बापाला सांगितले, हिला शहरात न्या. दीड दिवस रांगेत उभे राहून ती दोन मिनिटे गायली आणि परत आली. पुढच्या कार्तिकात ती काकड्याला येईना. आजोबांनी विचारले तर म्हणाली, मला गाता येत नाही, तिथे सांगितले. आजोबांनी नाना परींनी समजावले, बापाला रागावले, उपयोग झाला नाही. त्या पोरीला पांडुरंगासमोर गाण्यापासून बाद करण्याचा अधिकार कोणाला होता? त्या मंचावरच्या माणसांना तर ती आता आठवतही नसेल.

कीर्तनाची रचना पाहिली म्हणजे माझा राग कशावर आहे ते नीट कळेल. आपल्या वारकरी कीर्तनात कीर्तनकार एकटा नसतो. मागे टाळकऱ्यांची रांग उभी, बाजूला पखवाजी, एक विणेकरी. कीर्तनकाराने अभंगाचे चरण टाकले की गायक चाल उचलतात. त्याला दम लागला की ते भरून काढतात. तो घसरला तर सावरतात. मला अनेकदा मागच्या एखाद्या म्हाताऱ्या टाळकऱ्याने विसरलेला चरण हळूच पुरवला आहे आणि मंडपातल्या एकाला कळलेले नाही. समोरचे श्रोते हे आपल्या परंपरेत संत. कीर्तनकार त्यांना वंदन करून सुरुवात करतो आणि शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहान मुलाच्याही पाया म्हातारा पडतो. आता हे सगळे पडद्यावर आणा. कॅमेरा कीर्तनकाराच्या चेहऱ्याजवळ गेला की मागची रांग धूसर होते. दोन तासांचे निरूपण काही मिनिटांत बसवायचे म्हणजे पूर्वपक्ष गेला, सिद्धांत गेला, उरला दृष्टांत आणि टाळी. आणि खुर्चीवर बसलेले परीक्षक गुण देतात. संत म्हणून ज्यांना वंदन करायचे ते श्रोते टाळ्यांपुरते उरतात.

वीणेचेही तसेच. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा बदलतो तेव्हा देणारा आणि घेणारा एकमेकांना नमस्कार करतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ती कोणी जिंकत नाही. कोणाला घरी नेता येत नाही.

घरचे दुखणेही सांगितले पाहिजे, नाहीतर वाहिनीवाले म्हणतील बुवा आम्हालाच बोलतात. ही हाव वाहिनीने आणली नाही. ती आपल्या मंडपात आधीच येऊन बसली होती. तुकोबांनी सांगून ठेवले आहे की कीर्तन करावे तिथले अन्नसुद्धा घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, तट्टा-बैलाला चारा मागू नये. पैसे देणारा आणि घेणारा दोघेही नरकाचे धनी. हे कडक आहे. ते अक्षरशः पाळणारा कीर्तनकार शोधावा लागेल आणि ज्यांचे घर यावरच चालते त्यांना बिदागी घेऊ नका असे मी म्हणणार नाही. पण तट्टाच्या चाऱ्याची गोष्ट करणाऱ्या तुकोबांच्या पुढे आज गाडी, चालक, ध्वनिक्षेपकाचा विशिष्ट संच आणि चित्रीकरण करणारी मंडळी अशी यादी आधी पाठवली जाते. अर्धे कीर्तन मोबाइलवर टाकण्याजोगे तुकडे कुठे निघतील या हिशेबाने चालते. वाहिनीने एवढेच केले की या हावेला मंच दिला, परीक्षक दिले आणि क्रमांक लावले.

त्याचा परिणाम गावात काय होतो तो ऐका. माझे एक गुरुबंधू आहेत. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली चार वर्षे त्यांनी पूर्ण केली आहेत. ज्ञानेश्वरी त्यांच्या जिभेवर आहे. ज्या गावात त्यांनी वीस वर्षे सप्ताहाची सेवा केली त्या गावच्या मंडळींनी त्यांना फोन केला, “महाराज, राग मानू नका, यंदा पोरांचं म्हणणं आहे की टीव्हीवर आलेले महाराज पाहिजेत. तुम्ही दुपारचं प्रवचन घ्या.” गुरुबंधूंनी राग मानला नाही. दुपारी तीनला पत्र्याच्या मंडपात तीस-चाळीस म्हाताऱ्या माणसांपुढे त्यांनी तेरावा अध्यायच लावला आणि मला म्हणाले, “बरं झालं, रात्री लोकांना हसवावं लागतं, दुपारी अर्थ सांगता येतो.” ते अमानी आहेत, त्यांचे भागले. पण त्या गावातल्या पोरांचे काय भागले? तीन वर्षांनी त्यांच्यातला कोणी आळंदीला चार वर्षे घालवायला तयार होईल काय? चार वर्षांत जे होते त्याला पडद्यावर जागा नाही आणि पडद्यावर जे दिसते त्याला चार वर्षे लागत नाहीत. पोरे मूर्ख नाहीत, ती हिशेब करतात.

एवढ्याने वाहिन्या बंद होणार नाहीत आणि मी तशी मागणीही करत नाही. वाहिनीला अभंग दाखवायचे असतील तर खुशाल दाखवावे. एका गावचा सप्ताह सात दिवस जसा आहे तसा दाखवावा, मागच्या टाळकऱ्यांची नावे पडद्यावर लिहावी, दोन तासांचे कीर्तन दोन तास चालू द्यावे. फक्त बाद करणे सोडावे. बाद करणे सोडले तर खेळ चालत नाही असे उत्तर येईल, आणि ते उत्तर खरे असेल. मग त्याला कीर्तन म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे.

आपल्या हातात मात्र एक गोष्ट आहे. सप्ताहाच्या पत्रिका आता छापायला जातील. वितभर आकाराचे महाराजांचे फोटो, फोटोखाली ‘सुप्रसिद्ध’, ‘टीव्ही फेम’ अशी बिरुदे, आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टाळकरी, विणेकरी, पंगतीत वाढणारे. यंदा एखाद्या तरी गावाने ते फोटो काढून टाकावेत आणि त्या जागी वीणेच्या पहाऱ्याचे वेळापत्रक नावांसह मोठ्या अक्षरांत छापावे. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही, अशी तक्रार मी प्रत्येक गावात ऐकली आहे.